गेनबाच्या मातीला मी म्हटलेली प्रार्थना

पाळकसाहेब स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले की त्या दिवसांत मी उगाचच चुलीत लाकडं सारत बसायची. बारामतीला मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात मी स्वयंपाकीण होते. साठ मुलींच्या भाकऱ्या थापताना माझा हात कधी चुकला नाही, पण साहेबांचा तो शांत चेहरा दारात दिसला की तव्यावरची भाकरी हमखास करपायची. ते काय विचारणार हे मला ठाऊक असायचं. "मग, काय ठरलं तुमचं?" एवढंच ते विचारायचे. मी पदराला हात पुसत म्हणायची, "साहेब, अजून डाळ शिजायचीय." डाळ काही जन्मभर शिजत राहणार नव्हती, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

गोष्ट अशी होती की इंदापूरच्या पलीकडे, भीमेच्या अंगाला, एक लहानशी वस्ती होती. तिथे ख्रिस्ती घरं सहा-सात. पाळकसाहेब वर्षातून दोनदा जायचे, तेवढाच त्या लोकांना आधार. तिथल्या बायकांना शास्त्र सांगायला, आजाऱ्यापाशी बसायला, सुखदुःखाला चार शब्द प्रार्थनेचे म्हणायला कोणी नव्हतं. त्या जागी बायबलबाई म्हणून मी जावं असं साहेबांच्या मनात आलं होतं. आता माझ्याकडे काय होतं? मी सांगवीची, मराठी चौथी शिकलेली. नवरा वारल्यावर पदरी मूल नाही म्हणून बोर्डिंगात आले आणि चुलीपुढे बसले ती बसलेच. वाचता येत होतं, पण अक्षराला अक्षर लावून. आणि चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

बायकांच्या सभेत एकदा मला प्रार्थना करायला उभं केलं होतं. मी उभी राहिले. डोळे मिटले. बराच वेळ गेला. एकही शब्द बाहेर येईना. शेवटी मी "अगंबाई, दूध उतू जातंय" असं म्हणून जी पळाले ती थेट सरपणाच्या खोलीत. त्या दिवशी स्वयंपाकघरात दूधच नव्हतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. पुढे कितीतरी दिवस बायका मला बघून "अगं, दूध बघ, दूध" म्हणायच्या. मीही हसायची. पण मनातून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी पाळकसाहेबांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "शास्त्रातल्या मोठमोठ्या माणसांनीही आधी नाहीच म्हटलं होतं." मी म्हटलं, "ती मोठी माणसं होती, साहेब. त्यांचं नाही म्हणणंसुद्धा मोठं." ते हसले आणि गेले. पण मला चैन पडेना. भांडी घासता घासता एकच विचार डोक्यात फिरायचा. हे बोलावणं साहेबांचं असेल तर नाही म्हणता येईल. पण ते त्यांचं नसेलच तर? ज्याचं आहे त्याला मी कोणत्या तोंडानं डाळ शिजायचीय म्हणून सांगू?

शेवटी मी अर्धी कबूल झाले. एक दिवस पाळकसाहेबांबरोबर जाऊन वस्ती नुसती बघून यायची, एवढंच. फाल्गुनाचे दिवस होते. सकाळच्या एस.टी.नं आम्ही इंदापूरला निघालो. साहेबांचे डोळे निघतानाच लाल दिसत होते. कालव्याचं पाणी आल्यापासून त्या भागात हिवताप कायमचा पाहुणा झाला होता. इंदापूरला उतरेपर्यंत त्यांना अशी थंडी भरली की दात दातावर वाजायला लागले. स्टँडजवळ एका ख्रिस्ती मास्तरांचं घर होतं. तिथे त्यांना निजवलं, घरातली होती नव्हती ती गोधडी अंगावर घातली. मला मनातल्या मनात हायसं वाटलं, हे मी आज कबूल करते. आता कुठली वस्ती आणि कुठलं काय, संध्याकाळी परत बारामती, असं मी ठरवूनही टाकलं. माणूस तापानं फणफणलेला आणि मी सुटले म्हणून खुशीत. अशी मी.

साहेब त्या दिवशी येणार आणि मास्तरांकडे उतरणार, हे वस्तीवर ठाऊक होतं. तेवढ्यात तिथून निरोप्या आला. गेनबा पहाटे गेला होता. गेनबा म्हणजे त्या वस्तीवरचा सगळ्यात जुना ख्रिस्ती माणूस. त्याचा थोरला भाऊ तात्या आणि बाकीची सगळी भावकी आपल्या जुन्या रीतीची. गेनबानं मरणाआधी बायकोकडून, सारजाबाईकडून, वचन घेतलं होतं की माझ्या मातीवर प्रभूची प्रार्थना झाली पाहिजे. तात्यानं निरोप धाडला होता, की पाळक आला तर आमची ना नाही, पण दिवस कलायच्या आत आला पाहिजे. नाही आला तर आम्ही आमच्या रीतीनं उरकू. निरोप्या एवढं सांगून सायकलीवर टांग टाकून निघूनही गेला.

पाळकसाहेब उठायला गेले आणि भिंत धरून तसेच खाली बसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "मला शाळा आहे, इन्स्पेक्टर यायचेत." साहेबांनी पिशवीतून उपासनेचं छोटं पुस्तक काढलं, दफनाच्या पानावर दोरा घातला आणि माझ्या हातात ठेवलं. "प्रार्थना तुमच्या मनानं करायची नाही. यात आहे तेवढं फक्त वाचायचं. जा, बाई. ती बाई वाट बघत असेल." मला नाही म्हणायचं होतं. पण तापानं कापणाऱ्या माणसाला डाळीचं कारण कसं सांगणार?

फाट्यावर एस.टी.तून उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिथून वस्ती दोन मैल. दोन्हीकडे कापून नेलेल्या ज्वारीची रानं, मध्येच कुठे विहिरीवरचा हिरवा तुकडा. चिटपाखरू नव्हतं. मी पुस्तक उघडून चालता चालता मोठ्यानं वाचायचा सराव करू लागले. पहिल्या चार ओळी कशाबशा गेल्या. मग 'पुनरुत्थान' आलं. मी तो शब्द तीनदा म्हटला आणि तिन्ही वेळा तो वेगळाच झाला. घाम पाठीवरून खाली ओघळत होता. उघड्या खड्ड्याभोवती उभी राहिलेली माणसं मला दिसायला लागली. त्यांच्या मधोमध मी, अडलेली. एका गरीब माणसानं मरताना एक गोष्ट मागितली आणि ती माझ्या तोंडून वाया जाणार. मी नाही पोचले तर लोक एस.टी.ला दोष देतील, पण पोचून अडले तर प्रभूचं हसं होईल. हा हिशेब मला इतका पटला, की मी तिथेच वळले आणि परत फाट्याकडे चालू लागले.

फर्लांगभर गेले असेन. समोरून एक बैलगाडी आली. गाडीत उसाच्या बेण्याच्या मोळ्या, आणि वर एक म्हातारा, तोंडावर ऊन घेत बसलेला. मला बघून त्यानं कासरा ओढला.

"वस्तीवर मातीला चाललाय न्हवं?"

माझ्या तोंडून हो गेलं.

"मग इकडं कुठं? वाट चुकलात व्हय? वस्ती मागं ऱ्हायली. बसा गाडीत."

मी पळून चालले आहे, हे त्या भल्या माणसाला सांगायची मला लाज वाटली. मी बसले. वाटेत तो एक अक्षर बोलला नाही. वस्तीच्या तोंडाशी मला उतरवून त्यानं गाडी पुढे हाकली. पुढे त्या मुलखात मी इतकी वर्षं काढली, पण तो कोण, कुठला, हे मला कळलं नाही. बेणं घेऊन आपल्या रानात जाणारा एखादा शेतकरी असेल. मी त्याविषयी जास्त काही म्हणत नाही. फक्त एवढंच सांगते, की तो आला तेव्हा माझं तोंड फाट्याकडे होतं.

गेनबाच्या दारात माणसं जमली होती. सारजाबाई उंबऱ्याशी बसली होती, किरकोळ अंगाची, पांढऱ्या केसांची. तिनं मला कधी पाहिलं नव्हतं. पण माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि उठून तिनं माझं मनगटच धरलं. "आलात बाई. मला वाटलं, कुणी येत न्हाय आता." तिचा हात तापलेल्या पत्र्यासारखा कोरडा होता. तेवढ्यात गर्दीतून तात्या पुढे आले. उंच, पांढरं पागोटं, आवाज सगळ्या वस्तीला पुरेल असा.

"पाळक कुठं हाय?"

"आजारी आहेत. मला पाठवलंय."

"बाईमाणूस?" तात्या भावकीकडे वळले. "आमच्यात बाया मातीला येत न्हाईत."

सारजाबाईनं माझं मनगट सोडलं नाही. ती दिराच्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "त्यांनी पाळक न्हवता मागितला, भाऊजी. प्रार्थना मागितली व्हती."

तात्यांनी पागोटं सारखं केलं. मग म्हणाले, "बरं. म्हनू द्या. पर अडली, तर थांबायचं न्हाय. पुढचं आमच्या रीतीनं हुईल."

सारजाबाईचं सगळं आता माझ्या जिभेवर आलं होतं, आणि त्या जिभेवर तर माझाच भरवसा नव्हता.

नदीच्या उतारावर एका बाभळीपाशी खड्डा खणला होता. सारजाबाई माझं मनगट धरूनच तिथवर आली, आणि तिला कोणी अडवलं नाही. गेनबाला खाली ठेवलं. सगळे मागे सरकले आणि माझ्याकडे पाहू लागले. मी दोऱ्यावर पुस्तक उघडलं. पान समोर होतं, पण अक्षरं दिसेनात. डोळ्यांत पाणी होतं, घाम होता, का नुसती भीती होती, कोण जाणे. काळ्या मुंग्यांच्या रांगा चालल्यासारख्या त्या ओळी हलत होत्या. कोणीतरी खोकलं. कोणीतरी खोऱ्याचा दांडा या हातातून त्या हातात घेतला. तात्यांनी घसा खाकरला. "अडली न्हवं, बाई?" ते म्हणाले, आणि खरं सांगायचं तर ते रागानं नाही म्हणाले. ते मला सोडवायलाच बघत होते. मी पुस्तक मिटलं. डोळे मिटले. मनात म्हटलं, प्रभू, चूक माझी नाही. मी तुला आधीच सांगितलं होतं. आता तूच बघ.

आणि हात जोडल्याबरोबर माझी जीभ आपोआप चालू लागली.

"हे कृपाळू बापा, हे अन्न तू आमच्यापुढे ठेवलेस..."

बोर्डिंगात मुली ताटावर बसल्या की मी पळीनं पातेल्यावर टकटक करून ही ओळ सुरू करून द्यायची. मग सगळ्या मुली एका सुरात पुढचं म्हणायच्या. ती मी कधी प्रार्थना म्हणून धरलीच नव्हती. माझ्या लेखी ती जेवणाची घंटा होती. बोर्डिंगाची ही प्रार्थना कुठल्या पुस्तकातली नव्हती. फार पूर्वीच्या कोणा बाईनं ती रचली होती म्हणे. माणसं समोर, हात जोडलेले, डोळे मिटलेले, एवढं जमल्याबरोबर इतक्या वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. 'अन्न' हा शब्द कानावर पडला तेव्हा मी भानावर आले. मी काय बोलतेय हे मला कळलं. पण थांबले तर अडले, आणि अडले तर सारजाबाईचं वचन गेलं. मी रेटून पुढे गेले. "आम्ही योग्य नसताना ठेवलेस. जो आज उपाशी आहे, त्याच्याही पुढे ठेव. आमेन."

संपलं. मी डोळे उघडले नाहीत. उघडायची हिंमतच नव्हती. मेलेल्या माणसाच्या उशाशी उभी राहून मी जेवणाची प्रार्थना म्हटली होती. आता हे लोक हसतील, नाहीतर माझ्या अंगावर येतील, आणि दोन्ही रास्तच होतं. नदीवरून वारा आला, बाभळीची पानं हलली. मग सारजाबाईचा हुंदका ऐकू आला. एकच, मोठा, पहाटेपासून दाबून धरलेला.

"तीच वं, भाऊजी! त्यांची रोजची!"

मी डोळे उघडले. तात्यांचं तोंड भलतंच दिसत होतं. त्यांनी पागोटं काढून काखेत धरलं होतं. "हे तर आमच्या गेन्याचं हाय," ते म्हणाले. मला म्हणाले, का भावाला, का स्वतःशीच, ते कळलं नाही. "रानात बसलो तरी ह्यो हात जोडायचा. भाकर गार व्हायची, पर ह्ये म्हनल्याबिगर घास घेत न्हवता. आमी हसायचो. अन्न तुझं अन् बोलतो कुणाला, म्हनायचो."  मग त्यांनी वाकून मूठभर माती उचलली. "झाली प्रार्थना. टाका माती." पहिली मूठ त्यांनीच टाकली.

हे कसं झालं ते मला नंतर सारजाबाईकडून कळलं. गेनबा लहान असताना मोठा दुष्काळ पडला होता. तेव्हा तो काही महिने बारामतीच्या बोर्डिंगात जेवायला होता. त्या काळी तिथे मुलगेही असत. माझ्याच त्या स्वयंपाकघरात, माझ्या आधीच्या कोणा स्वयंपाकिणीच्या हातचं. तिथून त्यानं नेलं काय, तर पोटात भाकरी आणि तोंडात ती एवढी प्रार्थना. जन्मभर त्याला दुसरी कुठली आली नाही. माझ्यासारखंच.

एवढं होऊनही माझी ओढ फाट्याकडेच होती, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. काम झालं, आता पाचची एस.टी. मिळते का बघू, या घाईनं मी सारजाबाईचा निरोप घ्यायला तिच्या घरी गेले. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकी शिजवून आणते आणि घरच्यांना दोन घास बळेच भरवते. त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. तात्यांच्या घरून भाकरी आणि पिठलं आलं होतं. सारजाबाईपुढे ताट ठेवलं होतं आणि ती हात मांडीवर ठेवून नुसती त्याकडे बघत होती.

"खा, बाई," मी म्हटलं.

"कसं खाऊ?" ती म्हणाली. "मला ती येत न्हाय. दोघांचं तेच म्हनायचे. मी नुसतं आमेन म्हनायची." मग तिनं वर पाहिलं. "आता माझ्या भाकरीला कोन म्हनंल?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. शास्त्र समजावायचं असतं, उपदेश करायचा असता, तर मी पुन्हा एखादं दूध उतू घालवलं असतं. पण तिनं मागितलं ते मला येत होतं. तेवढंच मला येत होतं. मी एक ओळ म्हटली, तिनं ती मागून म्हटली. मी दुसरी म्हटली. 'आम्ही योग्य नसताना' इथे ती पुन्हा पुन्हा अडे. मी तिला ते पाच-सहा वेळा म्हणून दाखवलं, आणि सहाव्या वेळी मीच त्या शब्दांवर थांबले. इतकी वर्षं मी ते साठ मुलींकडून रोज म्हणवून घेत होते आणि त्यातला एक शब्द माझ्यासाठी आहे, हे मला कधी ऐकू आलं नव्हतं. योग्य नसताना. योग्य झाल्यावर नाही. तात्या दाराशी बसले होते. त्यांच्याही पुढे ताट होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला होता, पण हात तसाच थांबवून धरला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं तसे म्हणाले, "हुंद्या तुमचं. मला घाई न्हाय."

पाचची एस.टी. गेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी बायका आल्या, आम्हालाही शिकवा म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मी इंदापूरला पोचले.

त्यानंतर मी त्या वस्तीवर कितीतरी वर्षं काढली. भीती गेली असं मी म्हणणार नाही. आजही चार माणसांपुढे उभी राहिले की तळव्यांना घाम येतो, आणि पुनरुत्थान माझ्या तोंडून अजून धड निघत नाही. पण ज्यानं बोलावलं त्याला माझी कुवत आधीपासून ठाऊक होती, हे मी आता मानते. माझ्या चुकीचंही त्याला काहीतरी करता येतं. आपण आपली ओंजळ पुढे करावी आणि ती रिकामी आहे म्हणून लपवू नये, एवढं मला त्या खड्ड्याच्या काठावर कळलं. त्यासाठी मी त्याचे उपकार कसे मानू?

त्या तिसऱ्या दिवशी इंदापूरला मास्तरांच्या घरी पाळकसाहेब गोधडी पांघरून उशीला टेकून बसले होते. ताप उतरला होता. मी त्यांना सगळं सांगितलं, परत फिरले होते तेसुद्धा. ते ऐकत राहिले. या वेळी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. मग मीच म्हटलं, "साहेब, बोर्डिंगाला दुसरी स्वयंपाकीण बघा."

त्यांनी हात जोडले आणि मला म्हणाले, "मग आता तुम्हीच आभार माना."

मी डोळे मिटले. थोडा वेळ काहीच आलं नाही. मग आलं, "बापा, उपकार झाले." तेवढंच. पाळकसाहेब आमेन म्हणाले.